उरलेले एकोणीस किलोमीटर

हळकुंड मोडून पाहिल्याशिवाय भाव बोलू नये, ही आमच्या दुकानाची आजोबांपासूनची शिस्त आहे. चांगले वाळलेले हळकुंड मोडताना खणकन वाजते. ओल राहिलेले आधी वाकते आणि मग निमूटपणे तुटते. आतल्या गाभ्याचा रंग डोळ्यांना दिसतो, परंतु वाळण आणि घट्टपणा बोटांनाच कळतो. वडिलांच्या तरुणपणी तर रुमालाखाली बोटे धरूनच भाव ठरत, असे ते सांगत असत. सांगलीच्या हळद बाजारात तीस वर्षे मी या बोटांवरच पोट भरले. म्हणून सात महिन्यांच्या खंडानंतर जून महिन्यात पुन्हा गादीवर बसलो, समोरच्या नमुन्यातले एक हळकुंड उचलले आणि बोटांना काहीच कळले नाही, तेव्हा आजार गेला आहे हे डॉक्टरांचे म्हणणे मला खोटे वाटले.

आजाराची कथा थोडक्यात सांगतो. मानेत डाव्या बाजूस गाठ, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम आणि दोन महिन्यांत नऊ किलो वजन कमी. दिवाळीच्या वहीपूजनाला आठ दिवस उरले असताना तपासणीचा अहवाल हाती आला : हॉजकिन लिंफोमा. लसिकाग्रंथींच्या या कर्करोगाचे वर्णन लंडनच्या थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये केले, म्हणून त्यांचे नाव. उपचार म्हणजे चार औषधे एकत्र, दर पंधरा दिवसांनी एकदा, अशी बारा वेळा. त्यांतले एक सरबतासारखे लाल, हृदयावर ताण आणणारे. दुसरे फुप्फुसांना इजा करू शकते, म्हणून धुळीपासून दूर राहण्याची ताकीद. तिसऱ्याने बोटे बधिर होतात. हे तिसरे औषध कॅनडातील संशोधकांनी १९५० च्या दशकात सदाफुलीतून वेगळे केले, हे कळल्यापासून आमच्या आईने अंगणातली सदाफुलीची रोपे कोणाला उपटू दिली नाहीत. पाणी उकळूनच प्यावे, असे डॉक्टरांनी सांगितले तेव्हाही तिला मोठे समाधान वाटले. "हे आपल्या घरात पहिल्यापासूनच आहे," असे तिने त्यांना तिथेच ऐकवले.

रुग्णालयात आमच्या शेजारच्या खुर्चीवर जत तालुक्यातील एक शेतमजूर बसत असे. औषध त्याला सरकारी योजनेतून मिळे. अडचण होती ती ये-जा करण्याची आणि रात्री राहण्याची. आदल्या रात्रीच्या एसटीने तो आणि त्याची बायको येत आणि सकाळपर्यंत व्हरांड्यात पथारी टाकत. पाचव्या वेळी तो आला नाही. सहाव्या वेळी आला तेव्हा मी विचारले. भाड्याचे पैसे जमले नव्हते, एवढेच तो म्हणाला, जणू गाडी चुकली होती. आमच्या घराण्याचे नाव तीन ठिकाणी संगमरवरी पाटीवर आहे. प्रत्येक वेळी देणगी देताना मन भरून येई, हेही खरे. तरी एसटीच्या भाड्यावाचून माणसाचे औषध चुकते, ही गोष्ट त्या खुर्चीवर बसेपर्यंत मला ठाऊक नव्हती.

दुकान त्या सात महिन्यांत माझ्या पत्नीने चालवले. हळदीचा संपूर्ण हंगाम, म्हणजे फेब्रुवारी ते मे, तिने आणि दिवाणजींनी मिळून पार पाडला. त्यापूर्वी ती दुकानात येई ती फक्त लक्ष्मीपूजनाला. मी परतलो त्या दिवशी सगळे उठून उभे राहिले, हमालांनी नारळ दिला, माझ्यासाठी मऊ गादीची नवी खुर्ची आणून ठेवलेली होती. पाहुण्याचा करावा तसा तो सत्कार पाहून मला मनातून वाईट वाटले. खतावणी चाळली तेव्हा दिसले की, एका जुन्या पेढीची उधारी तिने बंद केली होती आणि थकलेली बाकी हप्त्याहप्त्याने वसूल करत आणली होती. ती पेढी माझ्या शाळासोबत्याची. मी सर्वांसमोर तिला बोललो. ती काही बोलली नाही; किल्ल्यांचा जुडगा माझ्यासमोर ठेवून घरी निघून गेली.

पुढच्याच आठवड्यात मी एका शेतकऱ्याची पट्टी करताना १२ क्विंटल ४० किलोच्या जागी १४ क्विंटल २० किलो लिहिले. रक्कम चुकती झाली. दोन दिवसांनी तो शेतकरी स्वतः परत आला आणि जास्तीचे पैसे गादीवर ठेवून म्हणाला, "अण्णा, तुमची तब्येत बरी नाही असं ऐकलं होतं." तीस वर्षांत माझ्या हातून पट्टी चुकलेली नव्हती. या उपचारांनंतर काही महिने डोक्यात असे धुके राहते, आकडे पुढे-मागे होतात, असे डॉक्टरांनी समजावले आणि निम्माच दिवस काम करण्यास सांगितले. त्या संध्याकाळी किल्ल्यांचा जुडगा मी पत्नीला परत दिला. माफी मागितली असे मात्र म्हणता येणार नाही. "उद्या सकाळी तू लवकर जा," इतकेच म्हणालो. तिने काय ते समजून घेतले.

सायकल आली ती या रिकाम्या निम्म्या दिवसामुळे. अशा आजारानंतर पूर्वी विश्रांतीच सांगत. आता झेपेल एवढा नियमित व्यायाम थकवा कमी करतो, असे वैद्यकशास्त्र मानते. माझ्या डॉक्टरांनी हृदयाची आणि फुप्फुसांची तपासणी करून एकच नियम घालून दिला : बोलता येईल इतक्याच वेगाने चालवायची, वाक्य तुटू लागले की उतरायचे. मुलाची जुनी गिअरची सायकल माळ्यावर होती. पहिल्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि हाताने ढकलत परत आणली. ब्रेक दाबला आहे की नाही हे बधिर बोटांना कळत नसे, म्हणून प्रत्येक वेळी खाली पाहावे लागे. पावसाळा संपेपर्यंत हरिपूरपर्यंत जाण्याइतकी मजल गेली. घरापासून हे अंतर चार किलोमीटर.

हरिपूर आम्हा हळदवाल्यांचे जुने गाव. कृष्णा आणि वारणेच्या संगमाजवळ तिथे जमिनीखाली पेवे होती. आजोबांची हळद वर्षानुवर्षे त्यांत राहत असे आणि हवा नसल्यामुळे तिला कीड लागत नसे. २००५ च्या महापुराने त्या पेवांचे मोठे नुकसान केले. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे, आधी त्याला बराच वेळ वारा खाऊ द्यावा लागे, नाही तर उतरणारा गुदमरायचा. संगमाच्या घाटावर धापा टाकत बसलो की मला ते आठवे.

माझी पुतणी पुण्यास वैद्यकीय शिक्षण घेते. जतच्या त्या मजुराची हकिकत मी तिला सांगितली होती. दिवाळीच्या सुटीत तिने आणि तिच्या मैत्रिणींनी एक बेत मांडला : जानेवारीतील एका रविवारी सांगली ते कोल्हापूर सुमारे ५० किलोमीटर सायकल चालवायची, ओळखीच्या लोकांनी दर किलोमीटरमागे आपल्या इच्छेप्रमाणे रक्कम बोलायची आणि जमेल तो सर्व पैसा बाहेरगावच्या रुग्णांच्या प्रवासासाठी आणि मुक्कामासाठी द्यायचा. "काका, तुमच्या नावावर लोक जास्त बोलतील," असे तिने स्पष्टच सांगितले. ते खरे ठरले. बाजारातील पेढ्या, नातेवाईक, दिवाणजी, हमाल अशा सर्वांनी मिळून माझ्या एकट्याच्या प्रत्येक किलोमीटरवर ४,१४० रुपये लावले. पन्नास किलोमीटरचे २,०७,०००. एका वयस्क हमालाने किलोमीटरमागे एक रुपया लिहवला आणि वहीत आपले नाव नीट आले की नाही ते दोनदा वाचून घेतले.

त्या रविवारी पहाटे आम्ही अकरा जण निघालो. अंकलीच्या पुलावर धुके होते. उदगाव, जयसिंगपूर मागे पडले. उसाचे ट्रॅक्टर संथपणे पुढे चाललेले, त्यांच्यामागून जाताना धूर नाकात जाऊ नये म्हणून मी अंतर ठेवत होतो. पुतणी पूर्ण वाट माझ्या बरोबरीने चालली आणि डॉक्टरांच्या नियमाप्रमाणे मला सतत बोलते ठेवत होती. तमदलग्याच्या चढावर मी उतरून चालत गेलो. हातकणंगले ओलांडल्यावर तिने विचारले, "काका, राजापुरी हळद आणि सेलम हळद यांत फरक काय?" हा प्रश्न मला झोपेतून उठवून विचारला तरी मी अर्धा तास बोलेन. मी तोंड उघडले आणि दोन शब्दांपलीकडे श्वास पुरला नाही. तिने ब्रेक दाबला. बोटाला लावलेल्या यंत्राने प्राणवायू ९१ दाखवला. सायकलवरचा आकडा ३१ होता. मी वाद घातला, थोडा रागावलोसुद्धा. परंतु मागून येणाऱ्या टेम्पोत तिने माझी सायकल चढवली होती.

टेम्पोत माझी समजूत काढण्यासाठी तिने टेरी फॉक्सची गोष्ट सांगितली. कर्करोगाने एक पाय गमावलेला कॅनडाचा हा तरुण १९८० मध्ये कृत्रिम पायाने देश आडवा धावत पार करण्यास निघाला, संशोधनासाठी पैसा उभा करण्याकरिता. १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर. मग रोग फुप्फुसांत आला आणि त्याला थांबावे लागले. पुढच्या वर्षी तो गेला. त्याची दौड अपुरी राहिली म्हणून कोणी पैसे परत मागितले नाहीत, असे ती म्हणाली. मला मात्र दुसराच सायकलपटू आठवत होता. रुग्णालयात कोणीतरी मला लान्स आर्मस्ट्राँगचे पुस्तक आणून दिले होते. कर्करोगातून उठून १९९९ ते २००५ अशी सलग सात वर्षे त्याने फ्रान्सची ती मोठी स्पर्धा जिंकली. २०१२ मध्ये उत्तेजक औषधांच्या कारणावरून सातही विजेतेपदे काढून घेतली गेली, आणि पुढे त्याने स्वतःच कबुली दिली. त्याच्या नावावर जमलेल्या पैशाने अनेक रुग्णांचे भले झाले असेल, हे मी नाकारत नाही. पण खातेच खोटे असेल तर त्यातली जमा बाजू वाचताना माझी बोटे अडखळतात.

माझे खाते ३१ किलोमीटरचे होते, म्हणजे १,२८,३४० रुपये. उरलेल्या १९ किलोमीटरचे ७८,६६० मी घेऊ नयेत, असे मी घरी जाहीर केले. थोरले बंधू चिडले. "अरे, लोकांनी रस्त्याला पैसे दिले का? तुला पाहून दिले," असे ते म्हणाले. पुतणीचे डोळे भरले; तिच्या हिशेबात तो पैसा आधीच कितीतरी रुग्णांची भाडी भरून गेला होता. दुसऱ्या दिवशी बहुतेकांनी पूर्ण पन्नासचे पैसे आणून दिले आणि आग्रहही केला. एका पेढीच्या मालकाने मात्र ३१ ने गुणून तेवढीच रक्कम पाठवली, सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. प्रथम मला ते लागले. नंतर वाटले, सात महिन्यांत या एकाच माणसाने मला आजारी न समजता व्यापारी समजले.

मार्ग काढला तो पत्नीने. रात्री वही मिटताना ती सहज म्हणाली, "गाडीत माल कमी भरला तर आपण बिल फाडतो का? उरलेला माल मागाहून पोचवतो."

डॉक्टरांकडे जाऊन विचारले. त्यांनी पुन्हा तपासले, दहा दिवस थांबायला लावले आणि मग दिवसाआड चार किलोमीटरची परवानगी दिली. हरिपूरचा रस्ता ठरला. जाण्याचेच अंतर मोजायचे, परतीचे हिशेबात धरायचे नाही, असा माझा आग्रह. पुतणीने फोनवर त्याला कंजूषपणा म्हटले. चार दिवसांत सोळा किलोमीटर झाले. प्रत्येक हप्ता मी वहीत तारखेनिशी लिहीत होतो आणि ज्यांनी पूर्ण पैसे दिले होते त्यांना दुकानावरून निरोप जात होता. ज्यांनी ३१ चेच दिले होते, त्यांनाही माल निघाल्याचे कळवले; मागणी केली नाही. चिठ्ठीशिवाय पैसे पाठवणाऱ्या त्या मालकांनी तिसऱ्या हप्त्याच्या दिवशी उरलेली सगळी रक्कम धाडली. या वेळीही चिठ्ठी नव्हती.

शेवटचे तीन किलोमीटर एका गुरुवारी झाले. घाटापर्यंत न जाता अलीकडच्या एका झाडापाशीच थांबायचे होते. तिथे तो वयस्क हमाल उभा होता. इतक्या सकाळी तो चालत आला होता. त्याने बंडीच्या खिशातून घडी केलेली पन्नासची नोट काढली. आपण आधीच एकतीस द्यायला येणार होतो, पण अर्धवट कशाला म्हणून थांबलो, असे त्याने सांगितले, आणि पावती मागितली. पावतीपुस्तक मी बरोबर आणले नव्हते. "मग दुकानावर द्या, अण्णा," तो म्हणाला, "आज नवी हळद येणार आहे. वहिनीसाहेब कधीच्या जाऊन बसल्यात."

आम्ही दोघे चालतच परतलो, सायकल मध्ये. दुकानासमोर पहिली पोती उतरत होती. मी मास्क चढवला आणि उंबऱ्याबाहेरच थांबलो. पत्नीने नमुन्यातले एक हळकुंड उचलून माझ्या कानाजवळ आणले आणि मोडले.

"बोला," ती म्हणाली.