दोन्ही पाय सारखे?

अल रीम आयलंडवरच्या आमच्या घरी दारामागे पेन्सिलीच्या खुणा आहेत. दर पाडव्याला लेकाची उंची तिथे मांडतो.

तो तीन वर्षांचा असताना ताप आला आणि उजवा पाय टेकवेना. पडला असेल, म्हणून आम्ही दोन दिवस थांबलो. एमआरआयमध्ये गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडात पू दिसला. जंतू रक्तातून येतात. वाढत्या हाडाच्या टोकाशी रक्त संथ वाहतं, तिथे ते ठाण मांडतात. ऑपरेशन झालं, अनेक आठवडे अँटिबायोटिक्स चालली. ताप गेला, आम्ही पेढे वाटले.

मग डॉक्टर म्हणाले, "पाय मोजायला येत राहा." हाड ज्या कूर्चेतून वाढतं, ती तिथे शेजारीच असते. तिला इजा झाली, तर पाय आखूड राहतो किंवा वाकतो, आणि ते कळायला वर्षं जातात.

माझ्या आत्याचं तसंच झालं होतं. एका चपलेला ती जाड तळ लावून घेई.

लेक आता नऊ वर्षांचा आहे. फरक अर्धा सेंटिमीटर. वाढ थांबेपर्यंत मोजत राहायचं. तो रीम सेंट्रल पार्कमध्ये धावतो, मी मागून त्याचे पाय बघते.

ताप असताना मूल पाय टेकवत नसेल, तर आमच्यासारखं थांबू नका. त्याच दिवशी दाखवा.