जुना टर्बो-सी आणि नवा संगणक

हैदराबादच्या अमीरपेठ भागात मैत्रीवनम् इमारतीभोवती फिरून पाहिल्यास संगणकशिक्षणाच्या पाट्यांवाचून भिंत दिसणे कठीण. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९९८ साली आपले विकासकेंद्र उघडले तेही याच शहरात. आणि येथेच, आमच्याकडे राहून इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्या आमच्या भाच्यास कॉलेजात सांगण्यात आले, की सी भाषेची प्रात्यक्षिके टर्बो-सी या प्रोग्रामवरच करावयाची. बोर्लंड कंपनीने तो बाजारात आणला १९८७ साली!

भाच्याचा लॅपटॉप कोरा करकरीत, विंडोज ११ असलेला. वडिलांनी पतपेढीचे कर्ज काढून घेऊन दिलेला. टर्बो-सी त्यावर काही केल्या उघडेना. "मामा, मशीनच खराब निघाले. आता बाबांना काय सांगू?" असे म्हणून बिचारा रडकुंडीस आला.

मशीन खराब नव्हते. टर्बो-सी लिहिला गेला तो सोळा बिटांच्या डॉस पद्धतीकरिता. विंडोजच्या बत्तीस बिटांच्या आवृत्त्यांत असे जुने प्रोग्राम चालविण्याची सोय ठेवलेली असे. चौसष्ट बिटांच्या आवृत्त्यांत ती नाही, कारण त्या चालीत असताना प्रोसेसर डॉसचे प्रोग्राम थेट चालवीतच नाही. आणि २०२१ साली आलेले विंडोज ११ तर केवळ चौसष्ट बिटांतच मिळते. नवा द्राक्षारस जुन्या बुधल्यांत घालू नये, असे प्रभूने सांगितले. येथे जुना द्राक्षारसच नव्या बुधल्यात जावयास तयार नाही!

उपाय आहे, आणि तो विनामूल्य आहे. २००२ साली प्रथम निघालेला डॉसबॉक्स हा प्रोग्राम नव्या संगणकाच्या पोटात एक काल्पनिक जुना संगणक उभा करतो. टर्बो-सी जी आज्ञा देईल, ती नव्या प्रोसेसरला समजेल अशी करून हा दुभाषी पुढे पोहोचवितो. तेलुगू आणि उर्दू यांच्यामध्ये आयुष्य काढणाऱ्या आम्हां हैदराबादकर मराठी मंडळींस दुभाष्याचे मोल सांगावयास नको. टर्बो-सी ज्या फोल्डरमध्ये ठेवला असेल, तो 'माउंट' या आज्ञेने सी ड्राइव्ह म्हणून जोडून द्यावयाचा, आणि तेथून टर्बो-सी सुरू केला, की तो जुना निळा पडदा पुढे उभा. फाइलीचे नाव मात्र आठ अक्षरांहून मोठे ठेवू नये. माउसचा बाण त्या चौकटीत अडकून पडला, तर कंट्रोल आणि एफ-१० या कळा एकदम दाबाव्यात. भाच्याने एवढ्याकरिता दोनदा लॅपटॉप बंद करून पाहिला होता.

परंतु पडदा उघडला म्हणजे शिक्षण झाले, असे आम्हांस वाटत नाही. भाच्याने ३२,७६७ मध्ये एक मिळविला, तो उत्तर आले उणे ३२,७६८! टर्बो-सीत पूर्णांकाला दोनच बाइट मिळतात. आजच्या कंपायलरांत बहुधा चार मिळतात, व संख्या २१४ कोटींच्या पुढे जाऊ शकते. सी++ ची गत तर याहून बिकट. त्या भाषेचे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ साली ठरले आणि टर्बो-सी++ त्याच्या पूर्वीचे. त्यामुळे त्यावर घोकलेली पहिलीच ओळ नवा कंपायलर नाकारतो. उद्या नोकरीच्या परीक्षेत मुलगा येथे अडखळला, तर पतपेढीचे हप्ते काही थांबणार नाहीत.

आणि दोष वयाचा म्हणावा, तर तसेही नाही. रिचर्ड स्टॉलमन यांचा जीसीसी हा कंपायलरही १९८७ सालचाच, टर्बो-सीचा समवयस्क! परंतु त्याची डागडुजी जगभरचे लोक आजतागायत करीत आले, म्हणून तो आजच्या संगणकांवर दुभाष्यावाचून चालतो, आणि त्यालाही पैसे पडत नाहीत. ज्या कॉलेजांत अद्याप टर्बो-सीच चालतो, त्यांनी हा का धरू नये? छापून ठेवलेल्या प्रॅक्टिकलच्या वह्या आणि शिकविणाऱ्यांची सवय, याहून मोठे कारण आम्हांस तरी दिसत नाही.

तूर्त भाच्यास आम्ही दोन्ही घालून दिले आहेत. वहीतील प्रात्यक्षिक डॉसबॉक्समध्ये करावयाचे, आणि तेच रात्री जेवणानंतर जीसीसीवर पुन्हा. कोठे काय बदलावे लागले, ते तो वहीच्या मागच्या पानांवर टिपून ठेवतो. लॅपटॉप परत करावयाचा नाही, असे त्याने वडिलांस फोनवर कळविले आहे.