एक तार, दोन वाटा

टोपी बाजारातल्या आमच्या माडीवर बाड्याकडची गर्दी दिवसभर ऐकू येते. पण आईचे कान असत ते फोनकडे. न्यू जर्सीहून ताईचा फोन रविवारी येई, आणि मी मोडेम लावून बसलेला असलो की तिला तो लागतच नसे. आई बोलत काही नसे. फोनवरचा विणलेला रुमाल उगाच सारखा करी.

म्हणून 2002 साली आम्ही आय.एस.डी.एन. घेतले. एकाच तारेत 64 किलोबिटांच्या दोन वाटा, शिवाय निरोप्यासारखी 16 किलोबिटांची तिसरी. एकीवर इंटरनेट, दुसरीवर ताई. तार आणि संगणक यांच्या मध्ये काय बसवावे, एवढाच प्रश्न उरला.

आज घरोघरी फायबर आल्यावर हा प्रपंच पोरखेळ वाटेल; पण माझा संगणक लिनक्सवर चालणारा, आणि तेथेच मेख होती. सर्वांत स्वस्त ते आतले कार्ड. मात्र त्याला ड्रायव्हर हवा, आणि लिनक्ससाठी तो आहे की नाही हे खोक्यावरील नावावरून नव्हे, आतल्या चिपवरून ठरते. दुकानदार खोके उघडू देईना. (लिनक्सच्या गाभ्यातला तो जुना आय.एस.डी.एन. विभाग पुढे 2019 मध्ये काढूनही टाकण्यात आला.)

टर्मिनल अडॅप्टर त्या मानाने सालस. सिरियल पोर्टला जोडावा, तो मोडेमच्याच जुन्या आज्ञा ऐकतो; लिनक्सला नवे काही शिकवावे लागत नाही. परंतु नेहमीचा सिरियल पोर्ट सेकंदाला 1,15,200 बिटांवर अडतो, आणि त्यातही दर आठ बिटांमागे दोन बिटे आरंभ-समाप्तीच्या खुणांत खर्ची पडतात. दोन्ही वाटा जोडून मिळणारे 128 किलोबिट त्यातून जाणार कसे?

पुतण्याला तर ते 128च हवे होते. "काका, घ्यायचा तर राऊटरच घ्या," हा त्याचा धोशा. राऊटर नेटवर्क कार्डाला जोडला की झाले. पलीकडे लिनक्स आहे की आणखी काही, याची त्याला चौकशी नाही. किंमत मात्र ऐकवत नव्हती. शिवाय दोन्ही वाटा आपणच अडवल्या तर ताईने यावे कोठून? माहितीपुस्तिकेत उत्तर सापडले. निरोप्या वाटेने फोनची वर्दी आली की हा राऊटर दोहोंपैकी एक वाट आपण होऊन सोडून देई. साध्या फोनसाठी त्याला खोबणही होती. त्या एका ओळीवर मी पैसे मोजले.

पहिले बिल पाहून मात्र डोळे पांढरे झाले. संगणकातला कोणता तरी प्रोग्राम रात्रंदिवस बाहेरचे पत्ते विचारीत होता, आणि आज्ञाधारक राऊटर प्रत्येक वेळी फोन लावीत होता. चूक माझीच, कामाशिवाय तार धरू नये, ही मर्यादा मी घातलीच नव्हती. ती त्याच रात्री घातली. बिलाचा आकडा आईला सांगितला नाही.

पुढच्या रविवारी पुतण्या काहीतरी उतरवून घेत असता घंटी वाजली. त्याचा वेग निम्म्यावर आला, तो कुरकुरला. आई पाऊण तास बोलत होती.