मॉरिशसहून अण्णांना

क्यूरपीप, जुलै



थंडीने बोटं वळत नाहीत, अक्षर सांभाळून घ्या. आईने बळेच कोंबलेला स्वेटर अंगातून निघत नाही. विषुववृत्ताच्या खाली असल्यामुळे इथे आत्ता हिवाळा, त्यात हे गाव मधल्या पठारावर, साडेपाचशे मीटर उंच. आग्नेयेचा समुद्रवारा चढाला लागला की ढग धरतात आणि रिपरिप सुरू. आपला पाऊस कोसळून मोकळा तरी होतो. हा नुसता भुरभुरतो, गणपतीच्या मूर्तींचा शाडू वाळू देत नाही. वाळवायला दिवे लावून ठेवले तर इथल्या मराठी मंडळातले एक गृहस्थ विजेच्या बिलावर बोलले.

तिकडे भोगावतीचं पाणी चढलं का? रंगवायच्या मूर्ती माळ्यावर हलवा.

कास्काव्हेल, शनिवार

बिऱ्हाड पश्चिमेला हलवलं. बसचा कंडक्टर मातीची पोती बघून क्रिओलमध्ये भांडला. मला कळेना म्हणून तेच पुन्हा मोठ्याने. रस्ता तासाभराचा, पण उतरलो तर पाऊसच नाही! ढग वरच रिते होतात, या अंगाला ऊन आणि कोरडा वारा. १९६० च्या कॅरोल वादळानंतर इथे काँक्रीटची घरं झाली, म्हणून गच्ची मिळाली. आता मूर्ती इतक्या झटपट वाळतात की कानांना तडे जातात. ओलं फडकं टाकून बसतो.

गंगा तलाव पाहिला. ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं पाणी, भोवती गर्दी.

उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे ढीग आहेत, आपल्याच कातळासारखे. समुद्र मात्र परका. बाहेर प्रवाळाचा बांध, आत पाणी निवांत, आणि भरतीला चढून चढणार जेमतेम हातभर. अंतोऱ्याची खाडी बघितलेल्या माणसाला ही भरती वाटतच नाही. चिखलाचा वासही नाही. मला तो वास हवा आहे, हसू नका.

इथली मराठी पोरं क्रिओल बोलतात, आरती मात्र मराठीत म्हणतात. दालपुरी रोज खातो. आत हरभऱ्याची डाळ, पण गूळ नाही. जीभ दरवेळी फसते. इथला रुपया म्हणजे आपले जवळजवळ दोन, म्हणून हात आखडून. पापड संपले. रोह्याच्या मावशीचा भाचा येणार होता ना? त्याच्याबरोबर दोन पाकिटं द्या, पोह्याचे द्या, उडदाचे नकोत. आणि जोह्याच्या माणसाने उरलेले पैसे दिल्याशिवाय त्याला माल देऊ नका, मागच्या वर्षीचं लक्षात आहे ना?

आपला,
बाळू