बसले, पण जुळले नाही

आमचे लग्न ठरले तेव्हा कुणी पत्रिका बघितल्या नव्हत्या. माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे अण्णांचा, त्यावर विश्वास नाही. पण गेल्या उन्हाळ्यात याच अण्णांनी नोएडातल्या आमच्या घरात, फरशीवर मांडी घालून, एका जुन्या संगणकाची आणि नव्या हार्ड डिस्कची पत्रिका तीन रविवार जुळवली. गुण सगळे जुळत होते. संसार तेवढा होत नव्हता.

सुरुवात झाली ती त्याआधीच्या हिवाळ्यात. माझ्या टेबलावरची फोटो ठेवायची डिस्क एका सकाळी उघडलीच नाही. लेकीची पहिली दोन वर्षे त्यात होती. तिचे पहिले पाऊल, बोरनहाण, खिडकीत बसून भरवलेला वरणभात, सगळे गेले. मोबाइलमध्ये जागा नाही म्हणून मीच ते फोटो तिथे हलवले होते आणि मोबाइलमधून पुसले होते. दोष द्यायला दुसरे कुणीच नव्हते.

घरात दुसरी एक डिस्क होती आणि ती अधिक मोलाची होती. सासूबाई, आमच्या आई, आता नाहीत. अण्णा भुसावळला रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते, तेव्हा त्यांनी हौसेने टेपरेकॉर्डर घेतला होता आणि आईंच्या नकळत, कधी त्यांच्या देखत, चौदा कॅसेट भरल्या होत्या. क्वार्टर सोडताना त्या कॅसेट संगणकात उतरवून घेतल्या आणि मूळ कॅसेट "आता काय कामाच्या" म्हणून टाकून दिल्या. कुठल्या कॅसेटमध्ये काय आहे, याची यादी अण्णांच्या निळ्या वहीत आहे. आईंचा आवाज मात्र जगात एकाच ठिकाणी उरला होता, कपाटातल्या त्या तळहाताएवढ्या डबीत.

"आपण घरीच साठवणयंत्र करू," असे आमच्या ह्यांनी जाहीर केले. म्हणजे घराच्या कोपऱ्यात पडद्याविना चालणारा एक संगणक. त्यात दोन मोठ्या डिस्क, दोन्हींवर तेच ते. घरातले सगळे मोबाइल आणि लॅपटॉप आपापले सामान त्यात ठेवणार. जाणकार याला नास म्हणतात. तयार यंत्रेही मिळतात, पण ह्यांचा २०१४ सालचा संगणक माळ्यावर धूळ खात पडला होता आणि लागणारी प्रणाली, ओपनमीडियाव्हॉल्ट, फुकट मिळत होती. जुने घरातले, नवे बाजारातले, वर थोडी मेहनत. यात अवघड ते काय, असे मलाही वाटले.

बाजार म्हणजे नेहरू प्लेस. दिल्लीत राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. बॉटनिकल गार्डनहून मेट्रोने कालकाजी मंदिर, तिथे गाडी बदलून पुढचे स्टेशन. उंच इमारतींच्या मधला तो मोकळा चौक, एका बाजूला कापडाची दुकाने आणि बाकी सगळीकडे संगणकाची हाडे-कातडी. पायऱ्यांवर पथारी मांडून कुणी चार्जर विकतो, तर कुणी मोबाइलची काच बदलून देतो. तिथल्या एका दुकानात मला जुनी रॅम आश्चर्य वाटावे इतकी स्वस्त मिळाली. मी विचारले, "ये फिट होगा?" तो म्हणाला, "मॅडम, बिलकुल फिट होगा."

आणि ती बसलीही. खाचेत खाच, कट्‌ असा आवाज. कळ दाबली तर पडदा काळा आणि आतून कोंबड्याच्या पिलासारखी टीं टीं टीं.

दोन तास ह्यांनी सगळे उपटून पुन्हा लावले. शेवटी रॅमवरचे बारीक अक्षर वाचले. ती मोठ्या सर्व्हरमधून काढलेली 'रजिस्टर्ड' जातीची रॅम होती. तिच्या पिना आमच्या संगणकाच्या रॅमइतक्याच, खाच त्याच जागी, पण तिच्याशी बोलायची रीत वेगळी. आमच्या घरगुती मदरबोर्डला ती भाषा येत नव्हती. दुकानदार खोटे बोलला नव्हता. मी 'बसेल का' विचारले आणि त्याने 'बसेल' सांगितले. 'चालेल का' हे मी विचारलेच नव्हते. पुढच्या शनिवारी मदरबोर्डचे नाव आणि नंबर चिठ्ठीवर लिहून नेला, थोडे पैसे वर दिले आणि योग्य रॅम आणली. पहिला रविवार असा गेला.

दुसऱ्या रविवारी डिस्कची पाळी आली. इथेही आम्ही शहाणपणा केला होता. यूएसबीने जोडायची डबीबंद डिस्क सेलमध्ये सुट्या डिस्कपेक्षा स्वस्त होती, म्हणून तशा दोन घेतल्या. डबी फोडून आतली डिस्क काढायची, हा बेत. डबी फोडली की हमीवर पाणी सोडावे लागणार हे माहीत होते, पण वाचणारे पैसे दिसत होते. डिस्क संगणकात बसवली, तार जोडली, कळ दाबली. संगणक सुरू झाला, पण डिस्क त्याला दिसेना.

"खराब लागली," हे म्हणाले. "आता बदलूनही मिळणार नाही."

तोवर अण्णा पेपर वाचत होते. पेपर घडी करून ते उठले, चष्मा पुसला, निळ्या वहीचे कोरे पान काढले आणि जमिनीवर बसले.

"एका वेळी एकच बदल करायचा," ते म्हणाले. "दोन केलेस तर चाललं तरी का चाललं ते कळणार नाही. सूनबाई, तू लिही."

मी लिहीत गेले. डिस्कवर हात ठेवला. थरथर नाही, म्हणजे ती फिरतच नाही. माहितीची तार बदलली, फरक नाही. विजेची तार बदलली, फरक नाही. त्याच तारेला जुनी डिस्क लावली, ती लगेच फिरली. म्हणजे तार चांगली. नवी डिस्क पुन्हा तिच्या फोडलेल्या डबीत ठेवून लॅपटॉपला जोडली, तीही गुण्यागोविंदाने फिरू लागली. म्हणजे डिस्कही चांगली.

"दोघंही निर्दोष," अण्णा म्हणाले. "भांडण मधे कुठेतरी आहे."

ते कुठे आहे, हे रात्री बरेच वाचल्यावर सापडले. डिस्कच्या विजेच्या जोडाला पंधरा पिना असतात. पहिल्या तिन्हींवर जुन्या एसएमपीएसमधून, म्हणजे संगणकातल्या वीजपेटीतून, ३.३ व्होल्ट येतात. डिस्क ते फारसे वापरत नसत, त्यामुळे कुणाचे काही अडत नव्हते. २०१६ मध्ये या जोडाचे मानक सुधारले गेले आणि रिकाम्या बसलेल्या तिसऱ्या पिनेला नवे काम दिले गेले. तिच्यावर वीज आली, तर डिस्कने स्वतःला बंद ठेवायचे. हजारो डिस्क असलेल्या मोठ्या केंद्रांत एखादी डिस्क अडून बसली, तर ती लांबूनच बंद करून पुन्हा सुरू करता यावी, ही त्यामागची सोय. आमच्या डिस्क या नव्या रीतीच्या होत्या आणि एसएमपीएस जुन्या रीतीचा. तो बिचारा सवयीने तिसऱ्या पिनेवर वीज देत होता आणि डिस्क ती आज्ञा समजून गप्प बसत होती.

अण्णांनी हे दोनदा समजावून घेतले आणि मोठ्याने हसले. "आमच्या सिग्नलचं उलट! आमच्याकडे तार तुटली, वीज गेली, की सिग्नल आपोआप लाल. इथे वीज आली की लाल!"

मला मात्र लग्नानंतरचे पहिले वर्ष आठवले. आई रोज सकाळी विचारायच्या, "आज उशीर होणार का गं?" त्यांच्या लेखी तो निव्वळ कुकर कधी लावायचा याचा प्रश्न होता. मला तो पहारा वाटायचा आणि मी गप्प बसायचे. त्यांनी बोलण्यात वाईट काही भरले नव्हते, मीही मनाची वाईट नव्हते. त्यांच्या घरात ज्या शब्दांना काही अर्थ नव्हता, ते मी आज्ञा म्हणून ऐकत होते.

उपाय किरकोळ निघाला. जुन्या एसएमपीएसला 'मोलेक्स' नावाचा चार पिनांचा जाड जोड असतो. त्यात ५ आणि १२ व्होल्ट असतात, ३.३ नसतातच. त्याला जोडायची तार नेहरू प्लेसमध्ये मिळते. फक्त जिच्या प्लास्टिकमध्ये तारा वितळवून कोंबलेल्या असतात ती घेऊ नये. अशा जोडात आतल्या आत तारा चिकटून जळाल्याचे प्रकार झाले आहेत. प्रत्येक तार वेगळी दाबून बसवलेला जोड घ्यावा. दुसरा उपाय म्हणजे पहिल्या तीन पिनांवर उष्णता सोसणारी पिवळट कॅप्टन पट्टी चिकटवणे. अण्णांना पट्टीपेक्षा तार पसंत पडली, कारण "पट्टी सुटली तर कुणाला कळणार?" तार लावली, कळ दाबली. डिस्कवर हात ठेवला, तर झोपलेल्या मांजराच्या पोटासारखी बारीक थरथर लागली.

तिसरा रविवार तारेने खाल्ला. यंत्र चालू झाले, पण लॅपटॉपवरून फोटो पाठवायला लागलो तर सेकंदाला अकराच मेगाबाइट. अण्णांनी तारेच्या टोकाचा पारदर्शक जॅक उजेडात धरून रंग मोजले. आठ तारांपैकी इंटरनेट जोडून देणाऱ्या मुलाने चारच बसवल्या होत्या. चार तारांवर शंभर मेगाबिट जाते, हजार मेगाबिटला आठही लागतात. आठही तारांची नवी केबल लावल्यावर रात्रभराचे काम तासाभरात होऊ लागले.

मग आम्ही कपाटातून आईंची डिस्क काढली.

ती आम्ही मुद्दाम शेवटी ठेवली होती. तिजोरी पारखून घेतल्याशिवाय दागिना तिच्यात कसा ठेवायचा, हा आमचा विचार. डिस्क जोडली आणि आतून आवाज आला, टक, टक, टक. हिवाळ्यात हीच डिस्क न कुरकुरता चालली होती. ह्यांनी ती लगेच काढली, जरा थंड होऊ दिली आणि बिघडलेल्या डिस्कवरचे वाचता येईल तेवढे उचलून घेणारी एक मोफत प्रणाली रात्रभर लावली. सकाळी चौदापैकी बारा कॅसेट आल्या. दोन आल्या नाहीत.

अण्णांनी वही उघडली. क्रमांक ६ : पाहुण्यांच्या गप्पा. क्रमांक ९ : भुलाबाईची गाणी, ऑक्टोबर १९९४. कोजागरीच्या रात्री क्वार्टरच्या अंगणात आईंनी मुलींना घेऊन म्हटलेली गाणी. ते बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसले. मग एवढेच म्हणाले, "तिजोरी बांधत बसलो, दागिना रस्त्यावर ठेवून."

या चौदा कॅसेट एका पेन ड्राइव्हवर मावल्या असत्या. पहिल्याच दिवशी दहा मिनिटे काढून नक्कल केली असती, तर पुढचे तीन रविवार आम्ही खुशाल खेळत बसलो असतो. नवे यंत्र उभारण्याच्या उत्साहात जुन्याची घडी संपत चालली आहे, हे कुणाच्या मनात आले नाही. म्हणून वाचकहो, तुमच्या घरीही अशी एखादी एकुलती एक डबी असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी तिची नक्कल करा. रॅम, पिना आणि तारा नंतर बघता येतील.

यंत्र झाले म्हणून निर्धास्त होऊ नये, हेही आम्ही शिकलो. अनेक स्वस्त डिस्क मिळून एक भरवशाचा साठा करायचा, याची पद्धतशीर मांडणी १९८८ मध्ये बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी 'रेड' या नावाने केली. त्यातल्या जुळ्या डिस्कच्या रीतीने एक डिस्क मेली तरी दुसरी तगते. पण चुकून एखादा फोटो पुसला तर तो दोन्हींवरून त्याच क्षणी पुसला जातो. आरशात वेगळी नक्कल नसते, समोर असते तेच दिसते. म्हणून जाणकार तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर, असे सांगतात. आमची घराबाहेरची प्रत पुण्याला दिरांच्या कपाटात आहे. यंत्राला छोटा यूपीएसही लावला आहे. आमच्याकडे मे-जूनमध्ये वीज दिवसातून किती वेळा डोळे मिचकावते, ते मोजायला अण्णांची वहीही पुरणार नाही.

कोजागरीला अण्णांनी जळगावच्या आत्यांना फोन लावला. आत्यांचे वय झाले आहे, दम लागतो. तरी आठवतील तेवढी भुलाबाईची गाणी त्यांनी म्हटली, मध्येच विसरल्या, हसल्या, पुन्हा पहिल्यापासून म्हणाल्या. मी ती मुद्रित केली. वहीत 'क्रमांक ९' च्या खाली अण्णांनी 'क्रमांक १५' लिहिले आहे. नववा खोडलेला नाही.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अण्णा यंत्रातली कोणतीही एक फाइल उघडून बघतात. न उघडता नुसती ठेवलेली प्रत ही प्रत नव्हे, असे त्यांचे म्हणणे. मागच्या वेळी क्रमांक ३ निघाला. कुकरची शिट्टी, मागे कुठेतरी मालगाडीचा खडखडाट आणि अगदी जवळून आईंचा वैतागलेला आवाज, "अहो, बंद करा ना ते आता!"

अण्णा शेवटपर्यंत ऐकतात.