सोडतीतली दोन तिकिटे

२०१३ साली आमच्या धर्मग्रामाच्या सणाला झालेल्या सोडतीत माझा क्रमांक लागला. बक्षीस होते नाशिकच्या सुलाफेस्टची दोन तिकिटे. गंगापूर धरणाजवळच्या द्राक्षमळ्यात २००८ साली सुरू झालेला हा वाइनचा, खाद्यपदार्थांचा आणि संगीताचा उत्सव. "ख्रिस्ती माणसाला शोभेसे बक्षीस!" कोणीतरी म्हणाले आणि सभागृहात हशा पिकला. हिंदी चित्रपटांनी आपल्या माथी मारलेला हा विनोद आपणही किती सहज करतो!

मला हसू आले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा आम्ही लालबागच्या चाळीत राहत होतो. वडिलांचे माग थांबले, गुत्त्यावर जाणे थांबले नाही. आईची सोन्याची माळ गेली, शिलाईयंत्र गेले, अखेर वडीलही गेले. त्यानंतर आमच्या घरी नाताळातसुद्धा द्राक्षारसाचा थेंब आला नाही. मात्र हीच आई दर शनिवारी चर्चमधील चषक पुसण्याची तागाची वस्त्रे धूत असे. त्यांचे पहिले पाणी ती कधी मोरीत सोडत नसे. आवारातील झाडाच्या मुळाशी ओती. मुंबई दारूबंदी कायद्याने १९४९ सालीदेखील मिस्सेच्या द्राक्षारसाला मुभा ठेवली होती. आईने कायदा वाचला नव्हता. पण तिचाही न्याय तोच होता.

तिकिटे मी कपाटात कपड्यांच्या घडीखाली लपवली. तिला ती सापडलीच. आता ती परत करायला सांगणार, असे मला वाटले.

"दुसरे तिकीट कोणाचे?" एवढेच तिने विचारले.

पहाटे दादरहून तपोवन एक्स्प्रेसने आम्ही दोघे निघालो. नाशिक रोडहून रिक्षाने मळ्यात पोहोचेपर्यंत ती गप्पच होती. तेथे कानठळ्या बसवणारे संगीत, तरुणांची गर्दी, पिंपात उतरून द्राक्षे तुडवणाऱ्या मुली. मी तांबड्या वाइनचा एक पेला घेतला खरा, पण तिच्यासमोर तो ओठांना लाववेना. वेलींच्या रांगांशी आम्ही उभे होतो. तिनेच पेला माझ्या हातून घेतला, नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला.

"हा त्या फडक्यांचा वास," ती म्हणाली. "तुझ्या बापाच्या तोंडाचा नव्हे."

मग ती सावकाश वाकली आणि पेला वेलीच्या मुळाशी रिता केला. शेजारची मुले चमकून पाहू लागली. तिने पदराने पेला कोरडा पुसला.

"भूक लागली रे. येथे खायला काय मिळते, बघ."