रिकामं दिसणारं होम

मामेबहिणीच्या लॅपटॉपवर लिनक्सची नवी आवृत्ती बसली, पण लॉगिन काही होईना. पासवर्ड टाकला की क्षणभर काळा पडदा, आणि परत तीच पासवर्डची चौकट. होम फोल्डर वेगळ्या पार्टिशनवर होता. तो तसाच ठेवून बाकीचं नव्यानं बसवलं होतं. पीएचडीसाठी गावोगाव फिरून तिनं जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणं त्यातच होती.

"दादा, गेलं का रे सगळं?"

कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून मजकुरी कन्सोल उघडला. होममध्ये फक्त दोन नावं: एक रीडमी, एक 'ॲक्सेस युअर प्रायव्हेट डेटा'. पार्टिशन मात्र जवळजवळ भरलेलं दिसत होतं. इथेच माझा जीव भांड्यात पडला. फाइली जागेवर होत्या, फक्त कुलूपबंद होत्या. जुन्या इन्स्टॉलेशनच्या वेळी होम एन्क्रिप्ट करण्याच्या पर्यायावर कुणीतरी खूण केली होती. नव्या सिस्टिमला त्याचा पत्ता नव्हता, आणि वरच्या पोकळ फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नसल्यामुळे डेस्कटॉप सुरूच होत नव्हता.

ही व्यवस्था इक्रिप्टएफएसची. फाइलींची खरी किल्ली म्हणजे 32 अक्षरांची माउंट पासफ्रेज. ती लॉगिनच्या पासवर्डनं गुंडाळून एका छोट्या फाइलीत ठेवलेली असते. तिजोरीची किल्ली दुसऱ्या कुलपात ठेवावी तशी. नवा पासवर्ड त्या कुलपाला लागणार नव्हताच. म्हणून इक्रिप्टएफएसची साधनं बसवली आणि रिकव्हर-प्रायव्हेट हा आदेश देऊन जुना पासवर्ड टाकला. नकार. तिनं स्वतः टाकला, तरी नकार. पासवर्ड तर तिला पक्का पाठ होता. वर्षानुवर्षं रोज तोच टाकलेला.

असं काही अडलं की नव्यानं फॉरमॅट मारून मोकळं व्हायचा सल्ला सर्रास मिळतो. मला तो क्रूर वाटतो. कुठला दुवा तुटलाय हे कळेपर्यंत डिस्कवर काहीही लिहू नये.

मी तिला जुन्या सिस्टिमबद्दल खोदून खोदून विचारत राहिलो. बोलता बोलता ती म्हणाली, "ईमेल लिहिताना ॲटचं चिन्ह तिथे भलत्याच कळीवर यायचं." म्हणजे जुना कीबोर्ड ब्रिटिश मांडणीचा! त्या मांडणीत ॲट आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांच्या जागा अमेरिकन मांडणीच्या उलट असतात. पासवर्डमध्ये ॲट आहे असं ती समजत होती. बोटं शिफ्ट आणि 2 दाबत होती, आणि ठिपक्यांआड उमटत होतं अवतरणचिन्ह. ॲटच्या जागी ते टाकलं आणि फोल्डर उघडला, तोही फक्त वाचण्यापुरता. तेच हवं होतं.

सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवलं. ओव्या ऐकून पाहिल्या. अनरॅप-पासफ्रेजनं ती 32 अक्षरं काढून कागदावर लिहिली. एक प्रत तिच्याकडे, एक मामीच्या कपाटात.

मग इन्स्टॉलेशन पुन्हा केलं, या वेळी ल्युक्सनं अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करून. उबुंटूनं 2018 च्या 18.04 आवृत्तीपासून इन्स्टॉलरमधला होम एन्क्रिप्शनचा पर्याय काढून टाकला, हे मला योग्यच वाटतं. ल्युक्सच्या हेडरची प्रतही वेगळी जपून ठेवली, कारण तो बिघडला तर बरोबर पासवर्ड असूनही डिस्क उघडत नाही. आणि कीबोर्डची मांडणी पासवर्ड ठरवण्याआधी, चिन्हं उघडपणे टंकून, तिच्याकडूनच तपासून घेतली.